आधी लोहचुंबक लावून पाहा
भाऊ, गेटवरच्या दिव्यांचा रंग वर्षभरातच सुटला म्हणता, तर आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. त्याला रेड ऑक्साइड (लोखंडाला लावतात तो लाल गंजरोधक प्रायमर) नको, एच प्रायमर (etch primer, म्हणजे गुळगुळीत धातूला घट्ट धरणारा रंगाखालचा पहिला हात) हवा. जळगावच्या घरी मी हीच चूक केली. नख लावलं तर अख्खी साल निघाली, खाली धातू कोरा चकचकीत! लोखंड असेल तर मात्र 120 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज घासा, थिनरने पुसा, मग रेड ऑक्साइड. मेन स्विच आधी बंद करा. काचेखालच्या रबराला रंग लागू देऊ नका, कडक होऊन पाणी आत शिरतं. आणि आपल्याकडच्या वैशाखात दुपारी रंगवूच नका, तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रशखालीच वाळतो. सकाळी लवकर, पातळ दोन हात मारा.