घड्याळाच्या काचेवर चरे, किल्लीने नाय मग वाळूने कसे?

देवगडचा_हापूस: स्मार्टवॉच नवीन होतं तेव्हा टेस्ट म्हणून पितळेची किल्ली घासली, काय नाय झालं. काल तारकर्लीला पोहून आलो, वाळूचा हात पुसता पुसता काचेवरून फिरला आणि आता उन्हात धरलं की केसाएवढे तीन चरे दिसतायत!

खाडीकाठ: अरे पितळ मोहस स्केलवर (कठीणपणा मोजायची १ ते १० ची पट्टी, जास्त आकड्यावालं कमीवाल्याला चरतं) ३-४, काच ६ च्या आसपास, ते कसं चरणार? वाळूत क्वार्ट्झ नावाचं खनिज असतं, ते ७. काही घड्याळांना सफायरची काच असते, ती ९, तिला वाळूची भीती नाय, पण आपटली तर फुटते हां.

मिऱ्याकडचा: आधी नख फिरव, अडकलं तर चरा खरा, नायतर कधीकधी धातूच काचेला लागलेला असतो, माझा खोडरबराने गेला. आणि वाळू पुसायची नाय, नळाखाली धरायचं.

देवगडचा_हापूस: नख अडकतंय रे 😭