सही नाही, खाली नुसतं आडनाव… हे लाइव्ह एज टेबल खरंच जुनं असेल का?

खोडवेडा: मिड-सेंच्युरी (म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातलं) फर्निचर जमवायला नुकतीच सुरुवात केलीय, दोन खुर्च्या आहेत बस. आता एक अक्रोडाचं कॉफी टेबल बघितलं, एक कड झाडाची होती तशीच वाकडीतिकडी ठेवलेली (तेच लाइव्ह एज), मधल्या भेगेवर डमरूसारखे दोन तुकडे बसवलेत. विकणारा म्हणतो साठच्या दशकातलं नाकाशिमा आहे, म्हणजे त्या नावाजलेल्या अमेरिकन फर्निचर कारागिराचं. पण सही कुठेच नाही, खालून काळ्या शाईत कोणाचं तरी आडनाव खरडलंय. घेऊ का?

पटाशी: ते आडनाव पुसू नका बरं का! जॉर्ज नाकाशिमांच्या पेनसिल्व्हेनियातल्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाचं नाव खालच्या बाजूला लिहायचे, आणि जुन्या कितीतरी पीसेसवर सही नसतेच. अर्थात मार्कर काय, कोणीही चालवू शकतो. मूळ ऑर्डरचा कागद किंवा ड्रॉइंग मागा. नसेल तर फोटो काढून थेट वर्कशॉपलाच विचारा, १९९० मध्ये ते गेल्यावर मुलगी मीरा यांनी काम पुढे चालू ठेवलंय.

जुनंपुराणं: कागद नंतर, आधी टेबल उलटं करा. अक्रोड उजेडात राहून फिकट होत जातो, म्हणजे वरचा आणि खालचा रंग सारखाच असेल तर मला तरी शंका येते. डमरूच्या लाकडाचे रेषे भेगेला आडवे हवेत, तरच तो भेग धरून ठेवतो, पातळ तुकडा वरून नुसता चिकटवला असेल तर ती सजावट झाली. आणि भेगेत काचेसारखं इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारं रेझिन) ओतलेलं दिसलं तर एकतर नंतरची डागडुजी नाहीतर टेबलच नवं.

रंधामास्तर: नावाच्या मागे का लागता सगळे? त्या काळात अशा कडा ठेवणारे दुसरेही चांगले कारागीर होते, फळी आवडली आणि नावाचे पैसे मागत नसेल तर घ्या की. फक्त कडेला साल राहिली असेल तर तिथे बारीक भोकं आणि ताजा भुसा आहे का बघा, कीड घरात आली की तुमच्या त्या दोन खुर्च्या पण गेल्या. आणि घेतल्यावर कृपा करून सँडर फिरवू नका 🙏

खोडवेडा: उलटं करून आलो. डमरूचे रेषे आडवेच आहेत, इपॉक्सी नाही, भुसा नाही. पण रंग वर-खाली सेम, विचारलं तर म्हणतो मागच्या वर्षी पूर्ण घासून नवीन पॉलिश मारलं, "खालून पण मारलंय साहेब, फुकट"!

पटाशी: खालून पण?? मग ते आडनाव पॉलिशच्या खाली आहे की वर?

खोडवेडा: …वर 😐