सातपुडा 'झिजून उरलेला हिमालय' नाही: कालच्या पोस्टला उत्तर

गाविलगड
काल इथे पोस्ट पडली: 'सातपुडा एकेकाळी हिमालयाएवढा उंच वली पर्वत होता, झिजत झिजत आजच्या चिखलदऱ्याएवढा उरला.' खाली नुसते अंगठे. झिजून उरलेल्या डोंगराच्या माथ्यावर लाव्ह्याचे आडवे थर कुठून आले, हे एकानेही विचारलं नाही.

चिखलदरा १,११८ मीटरवर, वैराट १,१७८ मीटरवर. दोन्हीकडे पायाखाली दख्खनचा काळा दगड आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. चिखलदऱ्याच्या भीमकुंडाच्या कड्यात बघा, थरावर थर, जवळजवळ सपाट. जुन्या वली पर्वताचं ते उरलेलं हाड असतं तर माथ्यावर खोलवर भाजून बदललेले दगड, म्हणजे नीस, शिस्ट, संगमरवर दिसले असते.

तसा डोंगर विदर्भात होता, नाही म्हणत नाही. पण लाव्हा येण्याच्या कितीतरी आधी तो झिजून सपाट झाला होता. त्या झिजलेल्या पाठीवर गोंडवनाचा वाळूखडक बसला, त्यावर लमेटा नावाचा गाळखडक, त्यावर लाव्हा. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला हा सगळा क्रम उघडा पडलाय. आणि तिथून नैऋत्येला पूर्णेच्या खोऱ्यात उतरलं की तोच काळा दगड ३०० मीटरपेक्षा जास्त गाळाखाली गाडलेला. मध्ये आहे गाविलगडचा प्रस्तरभंग, म्हणजे दगड सरकलेली मोठी भेग. उत्तरेची बाजू वर, दक्षिणेची खाली. मेळघाटाची उंची ही लाव्ह्यानंतरची, या भेगेवरची आहे. तिचा त्या जुन्या डोंगराच्या उंचीशी संबंध नाही.

भूगोल-मास्तर
गाविलगड, एवढं चिडायचं कारण नाही. शाळेत हेच शिकवतो आम्ही. नर्मदा आणि तापी या दोन खचदऱ्या, मधला सातपुडा गट पर्वत. कवच ताणलं गेलं, दोन बाजू खचल्या, मधला ठोकळा उभा राहिला. वली पर्वत म्हणणारी पोस्ट चूक, पण पाठ्यपुस्तक बरोबर आहे. मग वाद कशाचा?

ब्रंटन
वाद पाठ्यपुस्तकाशीच आहे, सर. नुसत्या ताणाने हे खोरं झालं असं मानलं तर २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप कुठे बसवायचा? ५.८ चा धक्का, सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, आणि हालचाल दाबाची: एक बाजू दुसरीवर चढली. ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी उथळ होतं, पण तेही दाबाचंच. भारताचं भूपट्ट वर्षाला चार-पाच सेंटीमीटरने उत्तरेला सरकतंय, त्यातलं जेमतेम दोन सेंटीमीटर हिमालय गिळतो. तिथल्या टकरीचा रेटा मागे द्वीपकल्पापर्यंत पोहोचतो. जुनी ताणाची भेग आता दाबाने उलटी हलते आहे. सातपुडा मधोमध 'उरला' नाही, तो ढकलला जातोय.

दुसरी गोष्ट गुरुत्वाची. हलक्या दगडाची खोल मुळं असलेल्या डोंगराखाली गुरुत्व कमी भरायला हवं. सातपुड्याच्या पट्ट्यात ते जास्त भरतं. म्हणजे खाली जड, बेसाल्टी माल बसलेला आहे. तुमच्या ठोकळ्याच्या चित्रात त्याला जागाच नाही.

गाविलगड
ब्रंटन, खाली बसलेल्या मालाचं मान्य. पण जबलपूरच्या एका धक्क्यावरून गाविलगडची भेग पण उलटीच आहे असं ठरवू नका. जबलपूर नर्मदेकाठी, चिखलदऱ्यापासून तीनशे किलोमीटरहून जास्त. सालबर्डीच्या भेगेच्या पातळीवर दगड सरकताना पडलेले ओरखडे कुणी मोजून दाखवेल का?

ब्रंटन
मोजायचे तर नीट मोजा. बेसाल्टात ओरखडे शोधताना लोक दोनदा फसतात. एक, सांध्यांमध्ये कॅल्साइट आणि झिओलाइट या खनिजांचा लेप असतो, त्यावरच्या रेघा स्फटिक वाढल्याच्याही असतात. दोन, लाव्हा थंड होताना पडलेले स्तंभांचे सांधे लोक भेग समजून कल मोजत बसतात. आधी पातळीचा नतिलंब (ती कुठल्या दिशेला धावते) आणि कल घ्या, मग त्याच पातळीवर रेघेचा कोन, आणि हात फिरवून पायरी कुठल्या बाजूला अडते ते लिहा. एका ठिकाणी पाच-सात पातळ्या तरी हव्यात. आणि भेगेचा चुरा झालेला गाभा लवकर कुजतो, तिथे आता बहुधा ओढा किंवा काळी माती असते. म्हणून शेजारच्या नीसमध्ये शोधा, बेसाल्टात नको.

मँगनीज-भंडारा
तुम्ही सगळे मेळघाटातच अडकलात. डोंगर कसे तयार होतात ते शिकायचं तर नागपूर-भंडाऱ्याचा सौसर पट्टा आहे आणि त्याबद्दल गाविलगडने एक ओळ लिहिली. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी बघा. इथले दगड मुळात पाण्याच्या तळाचे गाळ होते, खोल गाडले गेले, भाजले, वळले. साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीची ती घडामोड, काहींच्या मते त्याआधीही एक फेरी झाली. मँगनीजचा गाळ त्यात भाजून गोंडाइट नावाचा खडक झाला.

आणि ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही, खाणीचा नफा-तोटा त्या वळीवर आहे. धातूचा थर वळीच्या बाकात जाड होतो, दोन्ही बाहूंत ताणून पातळ होतो, कधी तुटून मण्यांसारखा वेगळा पडतो. बाहू ६० अंश कललेला असताना उभं भोक पाडलं की खऱ्या २ मीटरचा थर गाभ्यात (भोकातून निघालेल्या दगडाच्या कांडीत) ४ मीटर दिसतो. कललेल्या थराला आडवं छेदणारं भोक घ्यावं लागतं, किंवा कलाच्या कोनाने गणित दुरुस्त करावं लागतं. बाकाचा अक्ष कुठल्या दिशेला बुडतो हे नाही काढलं तर पुढचं भोक रिकामं जातं आणि लोक म्हणतात 'साठा संपला'. साठा खाली सरकलेला असतो.

पूर्णाकाठ
ते सगळं ठीक हाये भाऊ, पन दर्यापूर, मुर्तिजापूरकडे पानी खारं काऊन लागते ते सांगा. आमच्याकडं सगळे म्हनतात इथं समुद्र होता. गाविलगड भाऊ स्वतःच म्हनून रायले का दगड ३०० मीटरच्या खाली गेला. अकोल्याची उंची २८०-२८५ मीटर. मंग तळ समुद्रसपाटीच्या खाली गेलाच ना? तापीच्या तोंडातून समुद्र आत आला असंल.

गाविलगड
पूर्णाकाठ दादा, तळ समुद्रसपाटीखाली गेला म्हणून समुद्र आत आला असं होत नाही. जमीन खचत होती आणि त्याच वेगाने सातपुड्याचा गाळ भरत होता. खड्डा उघडा पडायला वेळच मिळाला नाही. समुद्र होता म्हणणाऱ्याने गाळात सागरी शंख-शिंपले, फोरॅमिनिफेरा (समुद्री सूक्ष्मजीवांची कवचं) दाखवावेत.

पूर्णाकाठ
शंख दाखवा म्हनता, मंग मीठ कुठून आलं ते तुम्ही दाखवा. शंभर वर्षं इथलं पानी लोकं पिऊन रायले, किडनीच्या तक्रारी करून रायले, अन् तुम्ही डोंगराच्या वयावर भांडून रायले!

भूगोल-मास्तर
समुद्राची गोष्ट सरसकट उडवू नका. खाऱ्या पट्ट्याबद्दल सागरी मत मांडणारे भूवैज्ञानिकही झाले आहेत.

क्षार-मोजणी
झाले आहेत, पण पुरावा पाण्यात शोधा. उथळ समुद्राचं अडकलेलं पाणी असतं तर क्लोराइड-सोडियमचं राज्य असतं. पूर्णेच्या पाण्यात सोडियमसोबत बायकार्बोनेटही भरपूर असतं, आणि ते दगड कुजून येतं. बेसाल्टातला फेल्डस्पार कुजला की सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही सुटतात. सात-आठशे मिलिमीटर पाऊस, बाष्पीभवन त्याहून कितीतरी जास्त. पाणी आटतं, कॅल्शियम चुनखडीच्या गोट्यांच्या रूपात जमिनीत बसतो (कुठल्याही नाल्याच्या काठात पांढरे खडे दिसतील), सोडियम पाण्यातच राहतो. तो चिकणमातीला धरतो, माती फुगते, निचरा बंद. निचरा बंद म्हणून मीठ जात नाही. हे चाक फिरत राहिलं की समुद्राशिवायही पाणी खारट होतं.

क्लोराइड-ब्रोमाइडचं प्रमाण मोजून समुद्र सिद्ध करायला निघालेल्यांनी एक लक्षात घ्यावं: समुद्राच्या पाण्यात ते वजनाने सुमारे २९० असतं, पण पावसातलं मीठही मुळात समुद्राचंच, त्यामुळे आटलेल्या पावसाच्या पाण्यातही आकडा जवळपास तसाच येऊ शकतो. एकट्या त्या आकड्यावर निकाल देता येत नाही.

आणि नमुना नीट घ्या. पंप चालू करून विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पाणी सोडून द्या, बाटली तोंडापर्यंत भरा, सामू (पीएच) विहिरीवरच मोजा. वाटेत कार्बन डायऑक्साइड उडाला की सामू चढतो आणि चुना बाटलीच्या तळाला बसतो. मग प्रयोगशाळेला कॅल्शियम कमी दिसतो आणि पाणी आहे त्यापेक्षा जास्त सोडियमचं वाटतं.

संत्रा-पट्टा
क्षार-मोजणी, एक सांगायचं राहिलं. वरूड, मोर्शी, अचलपूर, अकोट या पायथ्याच्या पट्ट्यात पाणी गोड आहे. डोंगरातून उतरलेले दगड-गोटे इथे पडलेत, पाणी झरझर खाली जातं. पूर्णाकाठ, तुमचा समुद्र फक्त खालच्या गावांपुरता आला होता का?

पण या गोट्यांत बोअर मारणाऱ्यांचं काय करायचं? ठेकेदार हातोड्याची रिग आणतात, गोटे सैल असल्याने भिंत ढासळते, हातोडा अडकतो. इथे भोक पाडत असतानाच केसिंग खाली उतरवत जावी लागते, नाहीतर रोटरी लावून चिखलाने भिंत धरावी लागते. ते सांगत कुणी नाही, अर्ध्यावर अडकलं की 'पाणी नाही' म्हणून पुढच्या शेतात. पातळी दरवर्षी खाली चाललीय ती वेगळीच.

पूर्णाकाठ
अन् खालच्या पट्ट्यात ठेकेदार म्हनते का 'अजून खोल गेलं का गोड लागते'. लोकं मारतात.

क्षार-मोजणी
उलट आहे, दादा. खाऱ्या पट्ट्यात खाली गेलं की बहुतेक ठिकाणी क्षार वाढतात. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरी असतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत, हे भारतीय मानक आहे. मीटर विकत मिळतो, ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका. आणि शेताला पाणी द्यायचं तर शेततळं करून पावसाचं वापरा. खारं पाणी दिल्यावर माती तपासून जिप्सम टाकल्याशिवाय निचरा सुधारत नाही.

ब्रंटन
धागा पाण्यात गेला, पण संत्रा-पट्टाने नकळत माझा मुद्दा मांडला. पायथ्याला गोटे आणि दूर चिकणमाती, म्हणजे डोंगर सतत वर येत होता आणि खोरं खचत होतं. ही हालचाल हिमालयाच्या रेट्याची.

गाविलगड
हालचाल सतत होती हे मान्य. रेटा कुठला, ते या गोट्यांवरून ठरत नाही. ताणाने खचलेल्या खोऱ्यातही पायथ्याला गोटेच पडतात.

भूगोल-मास्तर
मग डोंगर कधी वर आला ते कसं ठरवणार? अपटाइट या खनिजातल्या भेदरेषांची (युरेनियमचे अणू फुटून पडलेल्या रेघांची) पद्धत आहे ना.

ब्रंटन
ती पद्धत उंची मोजत नाही, सर, थंड होणं मोजते. भेदरेषा साधारण ११० अंशांच्या खाली टिकू लागतात, त्याच खनिजात साठलेल्या हेलियमची पद्धत ७० च्या आसपास. किलोमीटरमागे २५-३० अंश धरले तर वरून तीन-चार किलोमीटर झिजल्याशिवाय भेदरेषांत खूण उमटत नाही. मेळघाटाच्या माथ्यावर लाव्हा अजून शाबूत आहे, म्हणजे तेवढी झीज झालीच नाही. शिवाय बेसाल्टात अपटाइटचे चांगले कण मिळणं दुर्मीळ. सालबर्डीच्या नीसचा चार-पाच किलो ताजा दगड घ्यावा लागेल, आणि तरीही वरून आलेल्या लाव्ह्याने तो पुन्हा तापला का हे आधी तपासावं लागेल. नाहीतर ६.६ कोटी हा आकडा येईल आणि लोक त्याला डोंगराचं वय म्हणून छापतील.

गाविलगड
हे शंभर टक्के. म्हणूनच मी म्हणतो वय गाळात शोधा. खोऱ्याच्या मधोमध तळापर्यंत गाभा काढा आणि खालचा पहिला गाळ कधीचा ते काढा. खचायला तेव्हा सुरुवात झाली.

मँगनीज-भंडारा
गाभा काढायचा तर एकच भोक नको. भेगेला लागून एक, मधोमध एक, दक्षिणेला एक. गाळ उत्तरेकडे जाड होत गेला तर खोरं भेगेकडे झुकत खचलं. सगळीकडे सारखा निघाला तर तुम्हा दोघांचंही चित्र बदलावं लागेल.

ब्रंटन
उत्तरेचं भोक गोट्यांत जाईल. संत्रा-पट्टाने सांगितलेली केसिंग आधी मागवा, आणि ते भोक भेगेपासून थोडं दक्षिणेला सरकवा, नाहीतर तळाला लाव्हा लागला की चुरा, हे कळणार नाही.