श्यानता, घनता, जाडपणा: मोल्डिंगमध्ये नेमका शब्द कोणता?

रावपुरेकर: वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या प्लास्टिक मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून वस्तू बनवणं) कामगारांसाठीच्या एका मराठी पत्रकात 'व्हिस्कॉसिटी'ला 'घनता' छापलंय. चालेल का?

मांडवीकर: मुळीच नाही. घनता म्हणजे एकक आकारमानातलं वस्तुमान. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन (एक नेहमीचं प्लास्टिक) पाण्यापेक्षा हलकं असतं, तरी वाहताना त्याचा विरोध पाण्याच्या हजारो ते लाखो पट. तो विरोध म्हणजे श्यानता, म्हणजेच व्हिस्कॉसिटी. संस्कृतात 'श्यान' म्हणजे गोठून दाट झालेलं. 'विष्यंदिता'ही आहे, पण त्यात वाहण्याचा धातू आहे, विरोधाचा भाव नाही. बोलताना 'दाट' म्हणा, 'जाड' नको. गुजरातीत 'जाडुं' दाट द्रवालाही चालतं, मराठीत जाड असते ती शीट.

रावपुरेकर: मग 'शियर थिनिंग', म्हणजे जोरात वाहवलं की माल पातळ होणं, त्याला 'कर्तन-विरलन' म्हणायचं?

वाडीकर: 'विरलन' म्हटलं की काहीतरी मिसळून सौम्य केल्यासारखं वाटतं. इथे तर काहीच मिसळत नाही. प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, त्यांची गुंतवळ सैल पडते आणि माल पातळ होतो. 'कर्तन-पातळण' कानाला नवं वाटेल, पण अर्थाला धरून आहे.

आकड्यांत पाहा. पॉलिप्रॉपिलीनचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) 230 अंश सेल्सिअस आणि 2.16 किलो वजनाखाली, 2.095 मिमीच्या छिद्रातून 10 मिनिटांत किती ग्रॅम माल पडतो ते सांगतो. एमएफआय 12 असेल तर कर्तनदर (मालाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात तो दर) सेकंदाला साधारण 30. साच्याच्या गेटमध्ये, म्हणजे माल आत शिरतो त्या अरुंद तोंडाशी, तोच 3000 सहज होतो. घातांक नियमात (श्यानता कर्तनदराच्या n - 1 या घातांकाप्रमाणे बदलते) n = 0.35 धरला तर कर्तनदर 100 पट वाढल्यावर श्यानता विसाव्या हिश्श्यावर येते. म्हणून एमएफआय सारखा पण n वेगळा असलेले दोन लॉट गेटमध्ये वेगळे वागू शकतात. पत्रकात एमएफआयला 'श्यानता' म्हणू नका, तो आकडा वाढला की श्यानता कमी. प्रवाहाच्या आकडेमोडीत भरायला केशिका-रिओमीटरचा (बारीक नळीतून माल ढकलून श्यानता मोजणारं यंत्र) आलेखच हवा, तोही रॅबिनोविच दुरुस्ती करून, म्हणजे नळीच्या भिंतीवरचा कर्तनदर सुधारून. याच n ला भिंतीवरचा खरा दर, दुरुस्तीआधी साध्या सूत्राने येणाऱ्या दराच्या जवळजवळ दीडपट निघतो.

मांडवीकर: 'पातळण' मान्य, पण मग दमट पॉलिकार्बोनेटला (दुसरं एक प्लास्टिक) ते लावू नका. 120 अंशांवर 3-4 तास न वाळवता दाणा बॅरलमध्ये (यंत्राच्या तापत्या नळीत) गेला की पाण्याने साखळ्या तुटतात. मालही पातळ होतो, एमएफआयही वाढतो, पण वेग कमी केला तरी तो पुन्हा दाट होत नाही आणि वस्तू ठिसूळ निघते. त्याला सरळ 'साखळी तुटणे' लिहा. नाहीतर ऑपरेटर इंजेक्शनचा वेग बदलत बसेल आणि दाणा वाळवणारा हॉपर ड्रायर तसाच राहील.