मदत हवी आहे: मावळ लोकसभा मतदारसंघातल्या विधानसभा मतदारसंघांच्या गावपातळीवरच्या हद्दी

आमच्या वाचनालयासाठी मावळ मतदारसंघाचा मोठा नकाशा करतोय. २००८च्या पुनर्रचनेत हा नव्याने झाला, पहिली निवडणूक २००९ची. घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण आणि घाटावरचे मावळ, चिंचवड, पिंपरी असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र. हे सगळं माहीत आहे, पुण्याकडच्या बाजूचं काम झालंही.

अडलंय रायगडमध्ये. तिथे तालुक्याची हद्द म्हणजे विधानसभा मतदारसंघाची हद्द नाही. खालापूर तालुका कर्जत आणि उरणमध्ये विभागलाय, पनवेलचाही काही भाग उरणमध्ये आहे. परिसीमन आदेशात (म्हणजे पुनर्रचनेच्या आदेशात) ही विभागणी महसूल मंडळांनुसार आहे (मंडळ म्हणजे काही सजांचा गट, सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) आणि मंडळं १५ फेब्रुवारी २००४ला होती तशी धरायची आहेत. जनगणनेच्या याद्या पाहिल्या, पण त्या तालुकावार. मतदान केंद्रांच्या याद्या आजच्या. २०१६ला पनवेल महापालिका झाल्यावर कित्येक गावं तिच्यात गेली. एकही गाव चुकीच्या बाजूला दाखवायचं नाही, म्हणून अंदाजाने रेघ ओढत नाही.

पनवेल आणि खालापूरची २००४मधली मंडळनिहाय, शक्यतो सजानिहाय, गावांची यादी कुठे मिळेल? तहसीलच्या अभिलेख कक्षात की जिल्हा निवडणूक शाखेत, आणि अर्जात नेमकं काय मागायचं?