मराठवाड्याचा दुष्काळ ऊस सोडला की संपतो का?

मांजराकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "मराठवाड्याने ऊस सोडावा, दुष्काळ आपोआप हटेल." वाचून डोकंच फिरलं. ऊस हौसेने लावतो का आम्ही? सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागतं, तूर घरात आली की भाव पडतात. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, तरी आहे. तेवढी खात्री दुसऱ्या पिकाला द्या, मग उपदेश करा.

कोरडवाहू: ते मीच लिहिलं, आणि आजही तेच म्हणतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी. आणि त्याच खोऱ्यात साखर कारखाने! सगळं पावसावर ढकलू नका.

मांजराकाठ: आणि वर नगर-नाशिकला काय ज्वारी पिकते? तिकडच्या धरणांतून खाली आमच्या जायकवाडी धरणात पाणी सोडायचं म्हटलं की दुष्काळी वर्षात कोर्टकचेऱ्या सुरू. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा 2005 चा आहे. तिकडे बोलायची हिंमत करा.

सीनाकाठची सून: उसावरून भांडताय, बोअरबद्दल कोणीच बोलत नाही. शेजाऱ्यांनी आमच्या बांधाला लागून बोअर घेतला. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून. सातशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला, मग बोटभर धार लागली. त्यावर प्लास्टिकचं शेततळं भरलं. त्याच उन्हाळ्यात आमच्या आडाचा तळ दिसला. घागरी घेऊन टँकरमागे मी धावते, ते नाही.

मोसंबीवाला, जालना: ताई, शेततळ्याला नावं ठेवू नका. 2012-13 ला आमच्या भागात उभ्या बागा वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीने तोडली मी. शेततळं होतं त्यांचीच बाग वाचली.

सीनाकाठची सून: बाग वाचली, पण कुणाच्या पाण्यावर? शेततळं पावसाचं वाहतं पाणी धरायला असतं. तुम्ही जमिनीखालचं उपसून उन्हात वाफ व्हायला ठेवता. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल जायला निर्बंध आहेत. पाळतो कोण?

मोसंबीवाला, जालना: कायदा पाळून बँकेचा हप्ता फिटत नाही. तुमच्या घरी कर्ज नसेल.

सीनाकाठची सून: आहे. कर्जाचा विषय काढू नका, भाऊ.

कोरडवाहू: नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. तिथेही शेतकरीच राहतात.

मांजराकाठ: हिवरे बाजार पुरे झालं. तिथे पाठीशी पोपटराव पवारांसारखे सरपंच होते, आमच्याकडे सरपंचाच्याच रानात बोअरची गाडी उभी असते. पण ताईंचा मुद्दा खोडता येत नाही, एवढं मानतो. बोअरवर शेततळं भरायचं नाही, असा ठराव ग्रामसभेत आला तर माझा हात वर असेल. उसाचं मात्र तूर हमीभावाने घेतल्यावरच बोला.