मदत हवी आहे: विमानाचं तिकीट १७,१९६ चं, कापले २१,४२४. वरचे पैसे परत कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. थोडं लांबलचक लिहिते आहे, पण पूर्ण वाचून सल्ला द्या.

नागपूरला आत्याची पंच्याहत्तरी आहे. आई, बाबा, मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा असे चौघं जाणार आहोत. विदर्भ एक्सप्रेसचं वेटिंग काही हलेना, आईच्या गुडघ्यांना रात्रभराचा प्रवास झेपत नाही, म्हणून विमानाचं ठरलं. "बहिणीकडे जायचंय, तिकिटं मी काढणार," असं बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बुकिंगच्या वेबसाइटवर माणशी ४,२९९ दिसत होते. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर गुणाकार मांडला, १७,१९६ लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि तेवढे पैसे पेन्शनच्या पाकिटातून मोजून माझ्यापुढे ठेवले. वरचे शहाण्णव रुपयेसुद्धा सुटे.

मी कार्डाने बुकिंग केलं. स्क्रीनवर एका कोपऱ्यात घड्याळ उलटं मोजत होतं, खाली 'या दरात ५ सीट शिल्लक' असं लाल अक्षरात. आधारवरची नावं बघून भरताना जीव घाईला आला होता. ओटीपी आपोआप भरला गेला. बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम असते, ती मी वाचली नाही, ही माझी चूक मान्य आहे. पैसे गेल्यावर मेसेज उघडला तर २१,४२४.

पावती उघडून एकेक ओळ बघितली. प्रवास विमा माणशी २४९, म्हणजे ९९६. 'तिकीट रद्द केल्यास संरक्षण' नावाचं काहीतरी माणशी ४४९, त्याचे १,७९६. सीट निवडीचे ८००. सुविधा शुल्क जीएसटी धरून ५९६. आणि ४० रुपये दान. एकूण ४,२२८. यातलं काहीही मी मागितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तेच बुकिंग पैसे भरण्याच्या आधीपर्यंत करून पाहिलं. विमा, संरक्षण आणि दान या तिन्ही चौकटींत बरोबरची खूण आधीपासूनच असते, आणि पान बरंच खाली सरकवल्याशिवाय ती दिसत नाही. सीटच्या पानावर चार सीट आधीच रंगवलेल्या असतात. 'सीट न निवडता पुढे जा' हे बारीक करड्या अक्षरात, सगळ्यात खाली.

बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं, शेवटची बरीच वर्षं खोपट डेपोला. ड्युटी संपल्यावर वे-बिल (विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि कॅश जुळल्याशिवाय ते घरी आले नाहीत. कमी भरली तर पगारातून जायची, आणि जास्त निघाली तरी जाब द्यावा लागायचा, कारण जास्तीचा रुपया म्हणजे कुठल्या तरी प्रवाशाचा गेलेला. त्यांना हे कसं सांगू, असं झालं होतं. शेवटी सांगितलं. ते रागावले नाहीत, पाकीट काढून उरलेले ४,२२८ मोजायला लागले. मी हात धरला. ते पैसे मला त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत, ज्यांनी घेतले त्यांच्याकडून आणायचे आहेत.

वेबसाइटला दोन ईमेल केले. उत्तर एकच: 'आपण अटी मान्य करून पैसे भरले आहेत, या सेवा परत करता येत नाहीत.' चॅटवर माणूस येतच नाही.

मला विचारायचं आहे ते असं. तिकीट चालू ठेवून फक्त वरचे पैसे परत मागता येतात का? बँकेकडे चार्जबॅक (कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवण्याचा दावा) टाकला तर वेबसाइटवाले तिकीटच रद्द करतील का? प्रवासाला अजून १७ दिवस आहेत आणि आईबाबांना विमानतळावर परत फिरावं लागलं तर मला सहन होणार नाही. आणि तक्रार नक्की कुठे करायची, विमान कंपनीकडे, वेबसाइटकडे की सरकारकडे?

प्रतिसाद १

ताई, आधी विमान कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन पीएनआर टाका. तिथे कंपनीपर्यंत काय पोचलंय ते दिसेल. सीट खरोखर घेतल्यात का, भाडं किती, कर किती. वेबसाइटची पावती आणि हे पान, दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवा. चार्जबॅक लगेच टाकू नका, आणि टाकलाच तर पूर्ण रकमेवर मुळीच नको. तिकिटाचे पैसेही अडकले तर ते तिकिटावर हात घालू शकतात. फक्त वादातल्या रकमेचा डिस्प्यूट टाकता येतो का, ते बँकेला आधी विचारा.

सीटबद्दल एक. सीटनिवड, जेवण, जादा सामान अशा सेवा प्रवाशाने स्वतःहून मागितल्या तरच द्यायच्या, आपल्या मनाने जोडायच्या नाहीत, असं डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, परिपत्रक आहे. शिवाय २०२४ पासून डीजीसीएने कंपन्यांना बजावलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईबाप किंवा पालकापैकी निदान एकाच्या शेजारची सीट द्यायची. म्हणजे मुलगा लांब बसेल या भीतीने पुढच्या वेळी पैसे मोजू नका.

प्रतिसाद २

वाशीहून लिहितोय. माझ्याबाबतीत हॉटेलच्या बुकिंगला असंच झालं होतं, म्हणून शब्द देतो, ते ईमेलमध्ये जसेच्या तसे वापरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या वेबसाइटच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं म्हणजे 'बास्केट स्नीकिंग', आधी एक किंमत दाखवून शेवटी वाढवणं म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग', खोटी घाई लावणं म्हणजे 'फॉल्स अर्जन्सी'. तुमच्या पावतीत पहिले दोन सरळ दिसतात. घड्याळाचं सिद्ध करणं अवघड, ते मागे ठेवा.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोनवर किंवा ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक पुढच्या ईमेलमध्ये टाका. माझ्याकडे तोवर ठरावीक साच्यातली उत्तरं यायची, क्रमांक टाकल्यावर माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे ठाण्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते, त्यांच्याकडूनही मार्गदर्शन मिळेल.

सुविधा शुल्काचं मात्र डोक्यातून काढून टाका. ते शेवटच्या पानावर उघड लिहिलेलं असेल तर परत मिळणं कठीण.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

पीएनआर टाकला. सीट खरंच आरक्षित आहेत, पण मुलाची सीट माझ्या मागच्या रांगेत! म्हणजे पैसे घेऊन त्याला वेगळं बसवलं होतं. हे वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं, मग ईमेल लिहायला बसले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. "भावनेचं लिहू नकोस, रकमा लिही," म्हणाले. त्यांनी पाठकोऱ्या पानावर ओळीने पाच रकमा मांडल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: 'हे कोणी मागितलं?' तेच पान फोटो काढून जोडलं. १९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक टाकला, तुम्ही दिलेले दोन शब्द टाकले.

चौथ्या दिवशी फोन आला. संरक्षणाचे १,७९६ आणि दानाचे ४० कार्डावर परत करतो म्हणाले. सीटचे ८०० वेबसाइटच्याच वॉलेटमध्ये देत होते. मी नाही म्हटलं, पैसे कार्डावरून गेले, कार्डावरच हवेत. तेही कबूल झाले. काल २,६३६ जमा झाल्याचा मेसेज आला, मुलगा आता माझ्या शेजारी आहे, तिकीट जसंच्या तसं आहे. सुविधा शुल्क मी सोडून दिलं.

आता अडकलंय ते विम्यावर. 'पॉलिसी निघाली, ती विमा कंपनीची, आमच्या हातात नाही,' असं वेबसाइट म्हणते. माझ्या वाचण्यात आलं की प्रवास विम्याची खूण पोर्टलवर आधीपासून लावून ठेवायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्येच सांगितलं आहे. तक्रारीसाठी त्यांचं 'बिमा भरोसा' हे पोर्टलही आहे. बाबांनी विम्याच्या ९९६ साठी वेगळं पान घेतलंय आणि अर्ज हाताने लिहायला घेतलाय. पहिली ओळ कोरी ठेवली आहे.

तर अर्ज आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने पाठवायचा आणि मग पोर्टलवर जायचं, की दोन्हीकडे एकदमच? प्रवास सुरू झाल्यावर पॉलिसी रद्द होणार नाही अशी भीती वाटते, आणि हातात आता अकरा दिवस आहेत. कोणी असा विमा परत केला असेल तर कृपया लिहा.